पहिला अर्धा तास ‘सरकार’ हा शब्द उच्चारायचा नाही

परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापकांचा प्रश्न आहे. त्यांनी यंदा वादविवाद मंडळ सुरू केलं. आरक्षण, बालविवाह, इंटरनेटबंदी, जनसुरक्षा कायदा असा कुठलाही विषय दिला की दहाव्या मिनिटाला मुलं पक्षावर येतात आणि पंधराव्या मिनिटाला जातीवर. प्राचार्य म्हणतात, असले विषय नकोत, ‘मोबाइल : शाप की वरदान’ घ्या. हे विषय घ्यावेत का, आणि घेतले तर सरकारची भूमिका मुलांकडून कशी मांडून घ्यावी, असं त्यांनी विचारलंय.

सर, विषय घ्याच. मी लातूरला 27 वर्षं शिकवलं आणि त्यातली 24 वर्षं वादविवादाचे संघ बांधले. ‘शाप की वरदान’वर मुलं पाठ केलेलं बोलतात, ढाल घेऊन येतात आणि विसरतात. ज्या विषयावर त्यांच्या घरात रात्री आवाज चढतो, तो आपण वर्गात येऊ दिला नाही तर तो त्यांना पारावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर शिकवला जातो. मग तिथलीच भाषा घेऊन ती मतदानाला जातात.

मुलं पक्षावर घसरतात यात त्यांचा दोष थोडा आणि आपण त्यांच्या हातात देतो त्या शब्दाचा जास्त. ‘सरकारने हस्तक्षेप करावा का?’ या वाक्यातलं सरकार म्हणजे कोण? मुलाच्या डोळ्यांपुढे एका नेत्याचा चेहरा येतो. चेहरा आवडता असला की उत्तर हो, नावडता असला की नाही. पुढची वीस मिनिटं तो त्या चेहऱ्याबद्दलच बोलत असतो. म्हणून माझ्या सरावाचा पहिला नियम असा होता की पहिला अर्धा तास ‘सरकार’ हा शब्द उच्चारायचा नाही, हुद्दा सांगायचा. ग्रामसेवक, पोलीस पाटील, तहसीलदार, पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी, गृहसचिव, विधानसभा. हुद्दा तोंडून निघाला की पुढचं मुलं स्वतःच विचारू लागतात. त्या माणसाच्या हातात कागद कोणता? तो कुणावर चालतो, किती दिवस चालतो? आणि तो चुकला तर मी दाद कुठे मागू?

हे मला 2016 च्या उन्हाळ्याने शिकवलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, लातूरच्या नळांना पाणी यायचं बंद झालं होतं. टँकर भरतात तिथे भांडणं होऊ लागली म्हणून मार्चमध्ये प्रशासनाने पाण्याच्या टाक्यांच्या परिसरात कलम 144 लावलं. पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. एरवी दंगलीच्या वेळी ऐकू येणारं कलम पाण्याला लागलं. त्याच आठवड्यात आमचा सराव होता, आणि मी विषय दिला : ‘टंचाईत जमावबंदी योग्यच’. बाजूने बोलणारा मुलगा कायदा-सुव्यवस्थेवर चांगलं बोलला. मग विरोधातली मुलगी उठली. तिने उजव्या हाताचा तळवा उघडून टेबलावर ठेवला. चार बोटांवर कॅनच्या कडीचा लाल वळ उठलेला होता. म्हणाली, ‘पहाटे चारला मी टाकीपाशी रांगेत होते, माझा नंबर बाविसावा. मी गुन्हेगार किती वाजता झाले, एवढंच मला सांगा.’

वर्ग गप्प झाला. तिला उत्तर देता येईना, कारण आदेश आमच्यापैकी कुणी वाचलाच नव्हता. रांग म्हणजे जमाव का, मनाई टाकीपाशी आहे की गल्लीतल्या टँकरपाशीही, कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही सगळे बातमीच्या मथळ्यावर वाद घालत होतो. दुसऱ्या दिवशी प्रत मिळवली आणि ओळीओळीवर बोट ठेवून वाचली. त्या दिवसापासून दुसरा नियम झाला : मूळ आदेश किंवा कायद्याचं कलम हातात असल्याशिवाय कुणीही उभं राहायचं नाही.

पुढे 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्यानंतरच्या फेरीत त्याच मुलीने जो मुद्दा मांडला तो मी आजही नव्या मुलांना सांगते. बंदीचा आदेश एका सहीने त्याच दिवशी निघतो, पाणी आणायला कित्येक खात्यांच्या सह्या आणि महिना लागतो, म्हणून प्रशासनाचा हात आधी बंदीकडे जातो. तेव्हा ‘बंदी असावी की नसावी’ याच्या आधी विचारायचं ते हे, की बंदी घालणाऱ्याने त्याच तारखेला दुसरं काय सुरू केलं? सुरक्षेच्या कुठल्याही विषयाला हा प्रश्न लावून बघा, वादाची पातळी बदलते.

मुलांना कागद शोधायची सवय लावायला आपल्याकडे एक सोपी गोष्ट आहे. सण, निवडणूक किंवा आंदोलन जवळ आलं की जिल्ह्याच्या पानावर चार ओळींची बातमी येते : महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 37 (1) व (3) अन्वये मनाई आदेश. शस्त्रं, लाठ्या, दगड बाळगायचे नाहीत, पाच किंवा अधिक लोकांनी जमायचं नाही. मुदत साधारण पंधरा दिवस, कारण जमावाबाबतचा हा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय त्यापुढे चालत नाही. मुलांना वाटतं जमावबंदी म्हणजे 144 आणि ती फक्त दंगलीतच लागते. 144 हा आकडाही आता राहिला नाही. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 आहे. त्याखालचा दंडाधिकाऱ्यांचा आदेश दोन महिने चालतो आणि राज्य शासनाला तो आणखी जास्तीत जास्त सहा महिने वाढवता येतो. पंधरा दिवस आणि दोन महिने हा फरक ज्या मुलाला कळला, तो ‘दडपशाही’ हा शब्द जपून वापरतो, आणि वापरला तर त्याला वजन येतं.

इंटरनेटबंदीचंही तसंच. ‘कलेक्टरनं नेट बंद केलं’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. नियमाप्रमाणे तो अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा. जिल्ह्यातून मागणी जाते, आदेश वरून येतो, आणि तो नंतर पुनर्विलोकन समितीपुढे ठेवावा लागतो. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 ला सांगितलं की असे आदेश जाहीर केले पाहिजेत, बेमुदत असता कामा नयेत आणि कारणाच्या मानाने जास्त असता कामा नयेत. विरोधातल्या मुलाला एवढं पुरतं. पण बाजूने बोलणाऱ्यालाही ताकद द्या. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगाव आणि बीडमध्ये आमदारांची घरं पेटवली गेली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. त्या रात्री प्रत्येक फोनवर एक व्हिडिओ पुढे सरकत होता आणि तो कुठल्या गावचा, कधीचा, हे कुणी विचारत नव्हतं. ती रात्र ज्याने जवळून पाहिली त्याला ‘माहितीचा हक्क’ एवढंच सांगून गप्प करता येणार नाही. किती तास, किती तालुके, बँक आणि दवाखान्याचं काय, यावर दोन्ही बाजूंना बोलायला लावा.

आता बालविवाह. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मराठवाड्यात सामाजिक प्रश्न आणि सुरक्षेचा प्रश्न इतके एकात एक गुंतलेले दुसरे कुठेच दिसत नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 मध्ये, वीस ते चोवीस वयाच्या ज्या बायकांचं लग्न अठराच्या आत झालं होतं त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात 22 टक्क्यांच्या आसपास होतं. परभणीत 48 आणि बीडमध्ये जवळपास 44. तुमच्याच जिल्ह्याचा आकडा आहे, सर. तुमच्या वर्गातल्या मुलींच्या बहिणी त्या आकड्यात आहेत.

आमच्याकडे एका वर्षी विषय होता : ‘बालविवाह रोखायला कडक शिक्षा हाच उपाय’. एका तांड्यावरून येणारी अकरावीची मुलगी बाजूने बोलणार होती. भाषण सुरेख लिहिलेलं. कायदा 2006 चा, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड, गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, सगळं बरोबर. सरावात ‘लग्न लावणाऱ्यांना तुरुंगात टाका’ या वाक्याशी ती थांबली आणि खाली बसली. नंतर स्टाफरूमच्या दाराशी येऊन म्हणाली, ‘मॅडम, 1098 ला, त्या मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन केला तर बापूला धरून नेतील का?’ तिची बहीण पंधराची होती. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी साखर कारखान्यावर निघणार, त्याआधी लग्न उरकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत तांड्यावर गेले. घरापुढे मुकादमाचा ट्रॅक्टर उभा होता. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, ती खर्चूनही झालेली. तिची माय मला म्हणाली, ‘बाई, सहा महिने आम्ही फडात. ही सोन्यासारखी लेक मी कुणाच्या भरवशावर ठेवू? तुम्ही ठेवता का?’ तिच्या हिशेबात लग्न हा सुरक्षेचा बंदोबस्त होता. शिवाय ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, एकट्या पोराला अर्धाच कोयता धरतात. म्हणजे लग्न झालं की दोन घरांची मजुरीही बसते.

मी, अंगणवाडीताई आणि ग्रामसेवक मिळून बोललो. आजी गावात थांबायला तयार झाली, त्या वर्षीचं लग्न टळलं. पुढच्या वर्षी आजी अंथरुणाला खिळली आणि लग्न झालंच. मुलगी सोळाची होती. कायदा तोच होता, ग्रामसेवकही तेच होते. राखायला माणूस उरलं नव्हतं. त्या मायेचं ‘तुम्ही ठेवता का?’ माझ्या मनातून गेलेलं नाही. मी ज्या कुठल्या स्पर्धेला परीक्षक म्हणून जाते तिथे हा विषय असला की मुलं या प्रश्नाला उत्तर देतात का, तेच मी ऐकत बसते.

या विषयाच्या दोन्ही बाजू भक्कम आहेत, आणि त्या तशाच भक्कम मांडून घ्या. बाजूने : कायद्याचा कागद नसेल तर ग्रामसेवक मांडवात कशाच्या जोरावर जाईल? ज्या मुलीला नाही म्हणायचंय तिला नंबर तरी कुठला फिरवता येईल? विरोधात : शिक्षा कडक झाली की गुन्हा लपतो. लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्याने अठराखालच्या गरोदर मुलीची माहिती पोलिसांना देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. नवरा आत जाईल या भीतीने घरचे तिला सरकारी दवाखान्यात नेतच नाहीत. जिच्यासाठी कायदा केला तीच बाळंतपणात डॉक्टरांपासून लांब राहते. आसाममध्ये फेब्रुवारी 2023 मध्ये हजारोंना अटक झाली, तेव्हा ठाण्यांबाहेर बायका लेकरं घेऊन रडत बसल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 च्या निकालात शिक्षेआधी प्रतिबंधावर भर द्यायला सांगितलं, तेही विरोधातल्या मुलाला कामी येईल. मात्र त्या निकालाने शिक्षा नको असं म्हटलेलं नाही, हे बाजूच्या मुलाने हेरलं पाहिजे.

मग हुद्द्याच्या नियमाकडे परत या. इथे पोलीस अधीक्षकांपेक्षा, मायबाप ऊसतोडीला गेल्यावर गावात मुलांना ठेवून घेणारं हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या माणसाचं काम मोठं आहे. टोळी निघते त्या दिवशी वसतिगृह उघडलेलं असतं का, की कागदपत्रं होईपर्यंत दिवाळी उलटून महिना गेलेला असतो? एका हंगामात माझे विद्यार्थी हे बघायला दोन तालुक्यांत फिरले होते. त्यांनी आणलेल्या नोंदी कुठल्याही भाषणापेक्षा बोलक्या होत्या.

ऊसतोडीवरूनच आणखी एक विषय सुचवते, तो मला फार कठीण आणि म्हणून फार चांगला वाटतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशयं सर्रास काढली जातात, हे 2019 मध्ये राज्यभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82 हजारांवर महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी 13,861 जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यानंतर खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला सांगण्यात आलं. आता विचारा मुलींना : माझ्या शरीरावरच्या शस्त्रक्रियेला जिल्ह्याच्या अधिकाऱ्याची सही का लागावी? आणि ती सही नसती तर पंचविशीतल्या बाईला भीती घालून टेबलावर घेणाऱ्याला अडवलं कुणी असतं? माझ्या वर्गात या विषयावर एकदाही पक्षाचं नाव निघालं नाही. मुली एकमेकींशी मुद्द्यावर भांडल्या. एका मुलीचं म्हणणं मला पटलं होतं : परवानगीची अट बाईवर नको, दवाखान्यावर हवी, आणि आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरावं. सतरा वर्षांची मुलगी धोरणाचा मसुदा करत होती.

आरक्षणाबद्दल तुम्ही खास विचारलंय. इथे माझा नियम कडक आहे : कुणीही स्वतःच्या घरची बाजू मांडायची नाही. मराठा घरातला मुलगा ओबीसी संघटनांचं म्हणणं मांडेल, वंजारी किंवा माळी घरातला मुलगा कुणबी नोंदींचं. पहिल्या वेळेला मुलं रडकुंडीला येतात. एक मुलगा मला म्हणाला होता, गावात कळलं तर मला घरात घेणार नाहीत. मी त्याच्या वडिलांना भेटून आले, मगच त्याला उभं केलं. तुम्हीही तेवढं करा, मुलाला एकटं सोडू नका. त्याने दुसऱ्या बाजूचं वाचलं, 5 मे 2021 चा मराठा आरक्षण रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि पन्नास टक्क्यांच्या मर्यादेमागची कारणं मुळातून काढली. त्याचं मत बदललं नाही, आणि बदलावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. पण नंतर तो विरुद्ध बाजूच्या मित्राला ‘तुमचे लोक’ म्हणाला नाही.

अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर झालेला लाठीमार (1 सप्टेंबर 2023) कुणीतरी काढणारच. काढू द्या. तिथेही हुद्द्यावर या. लाठीमार झाला हे सगळ्यांना दिसलं. मग महाराष्ट्र काय विचारत होता? ‘आदेश कुणी दिला?’ तीन दिवसांनी त्या वेळचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली. जखमी झालेल्यांत आंदोलकही होते आणि पोलीसही. बळ वापरायचा अधिकार कुणाचा, त्याची नोंद कुठे होते, माफी म्हणजे जबाबदारी घेणं झालं का, यावर अख्खा तास चांगला वाद होतो आणि त्याला आरक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात असण्याची गरज पडत नाही.

कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कृत्यांना आळा घालायला आणलेलं जनसुरक्षा विधेयक जुलै 2025 मध्ये राज्याच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. त्याआधी ते संयुक्त समितीकडे होतं आणि तिच्याकडे बारा हजारांवर सूचना आल्या होत्या. सामान्य माणूस विधेयक वाचून लेखी सूचना पाठवू शकतो, हेच बऱ्याच मुलांना नवीन असतं. विषय घेताना आधी व्याख्येचं कलम फळ्यावर लिहा आणि ‘उलट खुर्ची’ लावा : या कलमाची सही ज्या पक्षाचा तुला सगळ्यात जास्त राग येतो त्याच्या हातात आहे असं समज, मग बोल. बाजूने बोलणाऱ्याने छत्तीसगडसारख्या राज्यांत असा कायदा का आला आणि जंगलातल्या हिंसेला शहरातून पैसा व माणसं मिळत असतील तर जुने कायदे कुठे अपुरे पडतात, हे सांगितलं पाहिजे. विरोधातल्याने टाडा हा दहशतवादविरोधी कायदा सांगावा. 1985 ला आला, 1995 ला गैरवापराच्या तक्रारींमुळे संपू दिला गेला, आणि त्या दहा वर्षांत निर्दोष सुटलेल्यांचं तारुण्य गेलं.

आपल्या भागातल्या मुलांना तर यासाठी दिल्लीचे दाखलेही लागत नाहीत. निजामाच्या राज्यात सभा घ्यायला आधी परवानगी लागायची, ‘गश्ती निशाण 53’ हे नाव आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होतं. हैदराबाद स्टेट काँग्रेस तर 1938 मध्ये रीतसर स्थापन होण्याआधीच बेकायदा ठरवली गेली, तीही सार्वजनिक सुरक्षेच्या नावाखाली. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले ते अशाच आदेशांखाली. आणि त्याच इतिहासाचं दुसरं पान हे की रझाकारांचा जाच संपला तो 13 ते 17 सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईने, म्हणजे शासनाने बळ वापरल्यामुळे. तिसरं पान आपण 17 सप्टेंबरच्या भाषणांत उलटत नाही : कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड या भागांत ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता असे मुसलमानही मारले गेले, आणि त्याची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. ही तिन्ही पानं एकाच मुलाला वाचायला लावा. तो शासनाच्या बळाबद्दल बोलताना ना आंधळा भक्त राहतो ना आंधळा विरोधक.

‘शांततेसाठी सरकारने थांबावं’ असंही मुलं सहज म्हणतात. त्यांना नामांतर सांगा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 ला केला. मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळल्या आणि ठराव बाजूला ठेवला गेला. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत शांतता राखली गेली असं म्हणायचं तर ती कुणाच्या खर्चाने, हा प्रश्न मी प्रत्येक संघाला विचारला. ज्यांची घरं जळली तेच थांबले होते.

दारूबंदीवर फार बोलत नाही. फक्त तिथली पद्धत बघायला सांगा, कारण तिच्यात ‘करावं की करू नये’च्या मधली वाट आहे. 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तर परवान्याचं दुकान बंद. नियम राज्याचा, निर्णय गावातल्या बायकांचा. मतदानाला न आलेल्या बाईचं मत उभ्या बाटलीला गेल्यासारखंच होतं, हा त्यातला दोष चुणचुणीत मुलं दहा मिनिटांत शोधतात. विदर्भातल्या चंद्रपुरात 2015 ला पूर्ण जिल्ह्यात बंदी झाली आणि 2021 ला उठली, तीही शेजारी ठेवून बघू द्या.

राहिले प्राचार्य. त्यांची भीती खोटी नाही. कुणीतरी मोबाइलवर वीस सेकंद टिपतो आणि संध्याकाळी फाटकाशी माणसं जमतात. आमच्याकडेही एकदा तसं झालं होतं. म्हणून त्यांना तोंडी परवानगी मागू नका. विषयाचं वाक्य, दोन्ही बाजूंच्या मुलांची नावं, वाचायला दिलेले कायदे-निकाल आणि ‘बाजू चिठ्ठीने ठरवली आहे, हे वक्त्याचं वैयक्तिक मत नाही’ हे वाक्य, असं एका पानावर लिहून त्यांची सही घ्या. ते पान सभागृहाच्या दारावर लावा. फोन बाहेरच्या टेबलावर ठेवून घ्या. पहिल्या तीन कार्यक्रमांना बाहेरचा पाहुणा बोलावू नका, पुढारी तर अजिबात नको. सूत्रसंचालन तुम्ही स्वतः करा. एखाद्याने जातीचं किंवा पक्षाचं नाव शिवीसारखं घेतलं तर घंटा वाजवा आणि त्याचा वेळ न कापता तेच वाक्य हुद्दा घालून पुन्हा म्हणायला लावा. बहुतेक मुलं दुसऱ्यांदा बरोबर म्हणतात.

सुरुवात मात्र आरक्षणापासून करू नका. पहिल्या शनिवारी मागच्या तीन महिन्यांची वर्तमानपत्रं, चार कात्र्या आणि डिंकाची बाटली घेऊन वर्गात जा. जिल्ह्यातले कलम 37 चे जेवढे मनाई आदेश सापडतील तेवढे मुलांना कापून तक्त्यावर तारखेप्रमाणे चिकटवायला सांगा, आणि प्रत्येकाशेजारी त्या पंधरवड्यात गावात काय होतं ते त्यांच्याच आठवणीने लिहू द्या : कुणाची जयंती, कुठला मोर्चा, कुठली यात्रा. तक्ता भरला की विचारा, यातला कोणता आदेश तुम्ही काढला असता आणि कोणता नसता काढला. पुढच्या शनिवारचा विषय त्या तक्त्यावरूनच मुलं तुम्हाला देतील.